गंगम्मा आत्याचा तांब्या

आमच्या गंगम्मा आत्याकडं एकदा वीज तोडायला माणूस आला होता. तिनं तारेवर आकडा टाकलाय अशी कुणीतरी तक्रार केली होती, आणि टाकला होताच. माणूस शिडी घेऊन दारात उभा राहिला. आत्यानं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. त्यानं पाय धुतले. मग तिनं तांब्या पुन्हा भरून दिला, ते पाणी तो प्यायला. त्यानंतर तिनं त्याला कन्नडमधून आणि मराठीतून असं काही झोडपलं, की बिचारा शिडी तिथंच टाकून निघून गेला. ती शिडी अजून आत्याच्या गोठ्याला टेकून उभी आहे. मी स्वतः सोलापुरात वीजबिलाच्या खिडकीवर बसते, त्यामुळं ही गोष्ट मला ऑफिसात कुणाला सांगता येत नाही.

गंगम्मा आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिचं गाव अक्कलकोटच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. घरात कन्नड, बाजारात मराठी, आणि राग आला की दोन्ही. तिचे यजमान चनमल्लप्पा लवकर गेले. मूलबाळ झालं नाही, त्यामुळं पोटच्या पोरांना जे बोलायचं ते सगळं माझ्या वाट्याला आलं. जुळे सोलापुरातला माझा फ्लॅट तिला मुळीच आवडत नाही. त्याला ती खुराडं म्हणते आणि वर येताना जिन्यात प्रत्येक वळणावर थांबून ते पुन्हा म्हणते.

दारात माणूस आला की पहिला तांब्या पायांसाठी आणि दुसरा पिण्यासाठी, ही तिची रीत. कोण, कुठला, कशाला आला, हे त्यानंतर. आमच्या लिंगायत घरांत पूर्वी सगळीकडंच हे होतं. आता आम्ही शहरातले लोक पाहुण्याच्या हातात पाण्याची बाटली देतो, आणि पाय त्यानं घरूनच धुऊन यावेत अशी आमची अपेक्षा असते. आत्यानं ते सोडलं नाही. चिंचेनं घासलेला तिचा पितळी तांब्या कायम उंबऱ्याच्या आतल्या बाजूला असायचा. तिचा धाकटा दीर बसू गावचा सरपंच आहे. त्याच्याशी बांधावरून तिचं वर्षभर बोलणं बंद होतं. तेव्हासुद्धा तो दारात आला की ती तोंड भिंतीकडं फिरवायची आणि हातानं तांब्या पुढं सरकवायची. बसू पाय धुवायचा, पाणी प्यायचा, आणि एक शब्दही न बोलता परत जायचा. का यायचा कोण जाणे. बहुतेक पाण्यालाच यायचा.

तर अशा बाईच्या तांब्यावर आमच्या आमदारांनी पैज लावली. मला राग आहे तो त्याचा.

आमदार अजिनाथदादा म्हणजे मनानं चांगला, अभ्यास केलेला आणि बोलायची हौस दांडगी असलेला माणूस. पक्ष त्यांचा लहान, जिल्ह्यापुरता. त्या वर्षी दुसऱ्यांदा पाऊस रुसला. बोअर आटले, जोंधळा वीतभर वाढून करपला. केंद्राची दुष्काळी मदत आजूबाजूच्या राज्यांना मिळाली, आणि आमच्या वाट्याला नुसतीच आश्वासनं आली. अजिनाथदादा विधानसभेत उभे राहिले आणि दिल्लीवर तुटून पडले. महाराष्ट्राकडून कर घेताना हात लांब होतो आणि देताना आखडतो, हे त्यांनी आकडेवारीसकट मांडलं. त्यातलं काहीही खोटं नव्हतं, हे मी आजही म्हणेन. पण टाळ्या पडायला लागल्यावर त्यांना थांबता आलं नाही. ते म्हणाले, "दिल्लीवाल्यांनो, माझ्या मतदारसंघात या. कुठल्याबी घरात जा. तुमच्यापुढं एक तांब्या पाणी कुणी ठेवलं, तर मी आमदारकीचा राजीनामा देतो!"

आकडेवारी कुणाच्या लक्षात राहिली नाही. तांब्याचं वाक्य मात्र जिल्ह्यातल्या प्रत्येक मोबाइलवर फिरलं. लोकांनी त्याच्या मागं हलगी लावून रील केले. दिल्लीवाल्यांनीही ते पाहिलं असणार, कारण पाहणी पथक खरंच आलं.

पथक येणार हे कळल्यावर बसूनं चावडीपुढं गाव गोळा केलं. कुणी चहा करायचा नाही, कुणी पाणी द्यायचं नाही, रिकाम्या घागरी अंगणात उपड्या घालायच्या, असं त्यानं बजावलं. आत्याकडं वळून तो वेगळं म्हणाला, "वैनी, तुमी तर अजिबात न्हाय. हात बांधून बसा, पर तांब्याला हात लावू नगा."

"मी काय खुळी हाय व्हय?" असं आत्या म्हणाली. त्या वेळी तिच्या मनात दुसरं काही नव्हतं. गावाचं नुकसान व्हावं असं तिला कसं वाटेल? तिच्याच दोन म्हशींच्या बरगड्या मोजता येत होत्या.

पुढचं मला तिनंच सांगितलं, पुष्कळ दिवसांनी, तुकड्यातुकड्यानं. पथकातली माणसं रस्त्यालगतचं घर म्हणून तिच्याच दारात आली. इतर साहेब अंगणात उभे राहून मोबाइल बघत होते. त्यांच्यातला एक, अमरेश नावाचा, वयानं मोठा, उंबऱ्याशी आला. त्यानं खाली वाकून बुटाच्या नाड्या सोडल्या. बूट बाजूला ठेवून तापलेल्या फरशीवर अनवाणी उभा राहिला आणि म्हणाला, "अव्वा, ओळग बरली?" म्हणजे, आई, आत येऊ का?

तो रायचूरकडचा होता. तिच्या भाषेत बोलला, बूट काढले, आई म्हणाला. आत्या सांगते, की हात कधी माठाकडं गेला ते तिला कळलंच नाही. टँकर यायचा होता. घागरी खरंच कोरड्या होत्या. माठात तळाला जे होतं ते सगळं त्या तांब्यात आलं. त्यानं बसून, घोट घोट घेत, सगळा तांब्या संपवला आणि म्हणाला, "नीर तण्णग अद." पाणी गार आहे. दारातून बसू "वैनी!" म्हणून ओरडला तेव्हा तिला भान आलं. तोवर पथकातल्या एका तरण्या साहेबानं फोटो काढला होता.

आणि तरीही त्या घटकेला तिला लाज वाटली ती भलत्याच गोष्टीची. पाय धुवायला पाणी देता आलं नाही याची. "पिन्यापुरतंच हुतं की ग," असं तिनं मला सांगितलं. "मानूस दारातनं तसाच धुळीच्या पायांनी आत आला. मी कुटं बगू?"

फोटो संध्याकाळपर्यंत दिल्लीत पोचला. तिथल्या सत्ताधाऱ्यांचे प्रवक्ते टीव्हीवर फोटो दाखवून हसत होते. आमदार म्हणतात पाणी नाही, आणि गावकरी साहेबांना गार पाणी पाजतात, असं चाललं होतं. राजीनामा कधी, म्हणून सगळे विचारायला लागले. मुंबईत सभागृहात कुणीतरी अजिनाथदादांच्या बाकावर पितळी तांब्या आणून ठेवला, आणि सगळं सभागृह हसलं. ते हसणंही आम्ही टीव्हीवर पाहिलं. पुढच्याच आठवड्यात मदतीतून आमचा तालुका वगळला गेला. चारा छावणी उघडणार होती, ती राहिली. टँकर वाढणार होते, तेही राहिले.

गावानं आत्याला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्यांना ती पुरून उरली असती. पण कुणी काही बोललंच नाही. टँकर आला की पाइपभोवती बायकांची झोंबाझोंबी असते. आत्या घागर घेऊन आली की सगळ्या बाजूला व्हायच्या. "गंगम्माला आदी भरू द्या ग, तिच्याकडं पावणे येतेत," असं कुणीतरी शांतपणे म्हणायचं. पहिल्यांदा तिनं घागर भरली. दुसऱ्यांदा ती अर्धी भरून निघाली. मग टँकरवर जायचंच तिनं बंद केलं. तिचं पाणी बसू आणून ठेवायचा आणि ती मागच्या दारानं ते आत घ्यायची. अख्खं आयुष्य जी बाई पुढच्या दारात उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला टोमणे मारत आली, ती मागच्या दारानं वावरायला लागली. फोनवर मी चिडले की ती म्हणायची, "तोंड न्हाय ग मला. तू ठेव फोन."

मी रजा टाकून गावी गेले, आणि त्याच दिवशी अजिनाथदादा तिच्या घरी आले. मला वाटलं, आता हे बोलतील आणि मीही सोडणार नाही. पण माणूस चांगलाच खचलेला दिसत होता. कट्ट्यावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. आत्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तांब्या उंबऱ्याच्या आतच होता. तिची नजर त्यावर गेली आणि तिनं ती वळवली. पाहुणा दारात कोरडा बसलेला आणि आत्या जागची हललेली नाही, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. शेवटी मीच आत जाऊन पाणी आणलं.

"अव्वा, मी तुमच्यावर रागावलेलो न्हाय," दादा म्हणाले. "चूक माजी हाय. बोलायच्या भरात बोलून गेलो."

"मग तसं सभागृहात सांगा की," मी म्हणाले.

"सांगितलं असतं, ताई. पर मी माफी मागितली, की दिल्लीवाले म्हनणार, ह्याचं समदंच खोटं. मी एकटा हरलो तर हरकत न्हाय. तालुका हरतोय."

मग त्यांनी येण्याचं कारण सांगितलं. त्यांनी भांडून भांडून फेरचौकशी मिळवली होती. दिल्लीची समिती सोलापुरात विश्रामगृहावर बसणार होती. आत्यानं तिथं येऊन एवढंच सांगायचं, की ते पाणी तिच्या घरचं नव्हतं. साहेबाच्या गाडीत बाटली होती, ती त्यानं तांब्यात ओतली आणि फोटो काढून घेतला.

आत्या म्हणाली, "आन त्या मानसाचं काय?"

"त्याचं काय व्हतंय? मोठा साहेब हाय. फार तर बदली व्हईल."

"त्यानं बूट काडले हुते."

दादांना यातलं काही कळलं नाही. बसू पुढं आला. इतक्या दिवसांत तो तिला एक वाकडा शब्द बोलला नव्हता, आताही बोलला नाही. नुसता गोठ्याकडं हात करून म्हणाला, "वैनी, तितं बगा. मंग काय ते ठरवा." गोठ्यात धाकटी म्हैस बसली होती. बसू तिला दोन दिवस उठवायचा प्रयत्न करत होता आणि ती उठत नव्हती. अशा म्हशी घरोघरी होत्या.

"येती मी," आत्या म्हणाली.

समितीच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडं येऊन राहिली. जिन्यात कुठंही थांबली नाही, खुराडं म्हणाली नाही. संध्याकाळी गॅसचा सिलिंडर घेऊन माणूस आला. बेल वाजताच ती सवयीनं उठली, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली, आणि तिथून परत येऊन खुर्चीवर बसली. मी विचारलं, काय हवंय? म्हणाली, काय न्हाय.

समितीपुढं मला तिच्याशेजारी बसू दिलं, वयस्कर बाई म्हणून. टेबलाच्या पलीकडं तीन अधिकारी होते. अलीकडं, एका टोकाला, अमरेश साहेब बसलेले होते. आत्याला पाहून त्यांनी हात जोडले. तिनं मान खाली घातली. ती मान मग वर आलीच नाही.

अध्यक्षांनी विचारलं, "बाई, फोटोतलं पाणी कुणाचं?"

"म्हाईत न्हाय."

"तुमच्या घरचं होतं का?"

अजिनाथदादा मागं उभे होते. बसू दाराशी. आत्याचा हात माझ्या हातात होता.

"माज्या घरचं न्हाय," ती म्हणाली. "त्यांच्या बाटलीतलं हुतं. माज्या घरात पानी न्हवतंच."

अध्यक्ष अमरेश साहेबांकडं वळले. साहेबांनी चष्मा काढून पुसला. आत्याकडं पाहिलं. मला वाटलं आता ते उठून खरं सांगतील, आणि सांगावंच त्यांनी, असंही मला आतून कुठंतरी वाटत होतं. ते हिंदीत शांतपणे म्हणाले, की बाई सांगतात ते बरोबर आहे. बाटली माझी होती.

खोलीत गडबड उडाली. दादांची माणसं बाहेर धावली. विश्रामगृहाच्या फाटकाबाहेर हलगी वाजायला लागली, गुलाल उधळला गेला. दादांनी गाडीच्या बॉनेटवर उभं राहून भाषण केलं. दिल्लीनं महाराष्ट्राला फसवण्यासाठी बाटलीतलं पाणी तांब्यात ओतलं, असं ते म्हणाले, आणि या वेळी त्यांच्या बोलण्याला सगळ्या राज्यात टाळ्या पडल्या. बायका आत्याला मिठ्या मारत होत्या. तिच्या केसांत गुलाल भरला होता. रिक्षात बसल्यावर तिनं पदरानं तो पुसायला सुरुवात केली आणि घर येईपर्यंत ती पुसतच होती.

तालुका मदतीत आला. छावणी उघडली, टँकर वाढले. धाकटी म्हैस उठली. हे सगळं झालं ते झालं, ते नाकारून चालणार नाही. अमरेश साहेबांचं टीव्हीवर 'बाटलीवाला साहेब' असं नाव पडलं. त्यांची चौकशी लागली, बढती थांबली, आणि कुठंतरी लांब ईशान्येकडं बदली झाली. बसूनं ही बातमी आत्याला आनंदानं सांगितली. ती ऐकून आत्या त्या दिवशी जेवली नाही.

पुढं गावानं तिचा सत्कार केला. शाल, नारळ, आणि दादांच्या हस्ते एक नवाकोरा तांब्या. त्यावर तिचं नाव कोरलेलं होतं. तो तांब्या तिनं संडासात नेऊन ठेवला. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसू आलं, पण तिच्या तोंडाकडं पाहून ते तिथंच थांबलं. जुना तांब्या तिनं उंबऱ्याजवळून उचलून फळीवर पालथा घातला होता. दारात कुणी आलं की ती आत जायची. बसू आला तरी, पूजेला जंगम आला तरी. शेजारची पोर पाणी देऊन जायची.

मी एकदा वैतागून म्हणाले, "आत्या, झालं गेलं. गाव जगलं ना? तुझ्याऐवजी कुणीही तेच केलं असतं."

"दुसरी कोन बी करू दे ग," ती म्हणाली. "त्यानं माज्या घरचं पानी पिलं, आन मी चारचौघांत म्हनलं, पिला न्हाय. आता कुन्या तोंडानं कुनाम्होरं तांब्या ठिवू? मला माजीच लाज वाटती."

पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. नागपंचमीला मी गावी गेले होते. आत्या पुरणाच्या कडबूंची तयारी करत होती, मी ओसरीवर झोपाळ्याच्या दोऱ्या सोडवत होते. रस्त्यावर एक भाड्याची गाडी थांबली. तिच्यातून अमरेश साहेब उतरले, एकटेच. वाळलेले, केस जवळजवळ पांढरे झालेले. आत्यानं खिडकीतून त्यांना पाहिलं. हातातला कडबू तसाच ताटात टाकला, माजघरात गेली आणि आतून कडी लावून घेतली.

साहेब उंबऱ्याशी आले. खाली वाकले, नाड्या सोडल्या, बूट बाजूला ठेवले. तिथंच शेजारी आत्याच्या चपला होत्या.

"अव्वा अदारेन्री?" त्यांनी विचारलं. आई आहेत का?

"शेताकडं गेल्यात," मी म्हणाले.

त्यांनी चपलांकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि मान हलवून कट्ट्यावर बसले. गावी निघालोय, वाटेत म्हणून थांबलो, असं म्हणाले. मी फळीवरचा तांब्या सुलटा केला, विसळला, माठातून भरला आणि त्यांच्यापुढं ठेवला. ते मागच्यासारखंच घोट घोट पीत राहिले. मला राहवलं नाही.

"साहेब, तुम्ही त्या दिवशी खरं का सांगितलं नाहीत?"

"काय सांगायचं?" ते म्हणाले. त्यांचं मराठी मोडकंतोडकं होतं, पण कळत होतं. "ज्यांच्या घरचं पाणी प्यालो, त्यांना सगळ्यांपुढं खोटं पाडायचं? माझ्या आईनं मला घरात घेतलं नसतं."

मग म्हणाले, "आणि मी खरं आधीच सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी, दिल्लीत. साहेबलोकांना म्हटलं, मी त्याच भागातला आहे. या घरांत पाहुण्याला आधी पाय धुवायला पाणी देतात. त्या आईनं मला प्यायला दिलं, पायांना दिलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. म्हणजे घरात तेवढंच होतं, आणि ते तिनं मला दिलं. यापेक्षा दुष्काळ अजून काय बघायचा? मदत द्या. पण फोटो सगळ्यांनी बघितला. माझं कुणी ऐकलं नाही."

माजघरात भांडं पडल्याचा आवाज झाला. दोघांनीही तो ऐकला.

साहेबांनी तांब्या खाली ठेवला. उठले, बूट घातले. जाताना माजघराच्या बंद दाराकडं तोंड करून, जरा मोठ्यानं म्हणाले, "अव्वा, नीर तण्णग अद." आणि गेले.

गाडी सुरू झाल्याचा आवाज आला तशी कडी निघाली. आत्या बाहेर आली. डोळे लाल झालेले, हाताला पुरण तसंच. तिनं तांब्या उचलून आत पाहिलं.

"समदं पिला?"

"सगळं."

"पाय धुवायला दिलंस का?"

माठ काठोकाठ भरलेला होता, अंगणातला हौद भरलेला होता, विहिरीला पाणी आलेलं होतं. माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"न्हाय दिलंस?" ती म्हणाली. "आगं, ह्या खेपंला बी न्हाय?"

तिनं तांब्या हौदात बुचकळला आणि तशीच अनवाणी रस्त्याकडं धावली. या वयात तिला धावताना मी कधी पाहिलं नव्हतं. पाणी हिंदकळून तिच्या लुगड्यावर सांडत होतं. मी मागून गेले. गाडी फाट्यापलीकडं वळली होती. भरला तांब्या दोन्ही हातांत धरून आत्या रस्त्याच्या कडेला उभी राहिली, गाडीचा आवाज ऐकू येईनासा झाला तरी उभी राहिली.

परत येऊन तिनं तो तांब्या उंबऱ्याच्या आत, पूर्वीच्या जागी ठेवला. थोड्या वेळानं हळूच विचारलं, "शिवलीला, मी घरातच हाय, हे त्याला कळलं नसंल न्हवं?"

"नाही कळलं," मी म्हणाले.

तिनं दाराकडं पाहिलं. उंबऱ्याशी तिच्या चपला होत्या, आणि त्यांच्या शेजारी, फरशीवर, साहेबांच्या बुटांचे ओल्या मातीचे ठसे. ती खाली बसली आणि तिनं पदर तोंडावर ओढून घेतला.